लाल डबा आणि जग्वार

पत्र (थोडं आखडून) :

मॅडम, मी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला सव्वीस वर्षं आहे. प्रेस टूलचं, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या साच्यांचं काम. मुलगा यंदा बारावी सायन्सला गेला. लहानपणापासून वहीच्या मागच्या पानावर गाड्याच. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड. गेल्या वर्षी एका डिझाइन स्पर्धेत उतरला. विषय होता, एखाद्या जुन्या आलिशान गाडीचा पुढचा अवतार काढा. यानं जग्वार घेतली. तीन फेऱ्या, तीनदा चित्रं पाठवली, तिन्ही वेळा उत्तर एकच ओळीचं : निवड झाली नाही. तिसऱ्यांदा त्यानं सगळे कागद फाडले. मी ते गोळा करून कपाटावर ठेवलेत. आमच्याकडे रिजेक्ट झालेला पीस लाल डब्यात जातो आणि तिथून भंगारात. ज्या धंद्यात सुरुवातीलाच तीनपैकी तीन रिजेक्ट, तिथे पोराला घालावं का? त्यापेक्षा मेकॅनिकल करून टूल डिझाइनला लागला तर? आणि जग्वार आता टाटांची आहे, त्याचा काही उपयोग होईल का?
– एक वडील, लोकमान्य नगर, ठाणे

उत्तर :

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा लाल डब्यापाशी अडखळले. तुमच्या शंकेचं मूळ तिथेच आहे असं मला वाटतं. टूलरूममध्ये ड्रॉइंग आधी येतं, पीस नंतर. मायक्रोमीटर लावला की दोन मिनिटांत निकाल लागतो. टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेत, बसला तर पुढे, नाही तर डबा. गाडीच्या डिझाइन स्टुडिओत मात्र ज्याच्याशी ताडून बघायचं ते ड्रॉइंगच अजून जन्माला आलेलं नसतं. नवी गाडी कशी दिसायला हवी हे काढणाऱ्याला माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर मंजूर करणाऱ्या साहेबांनाही नसतं. काहीतरी समोर उभं राहिलं की त्यांच्या तोंडून निघतं, ‘हे नको.’ का नको याची चर्चा होते आणि त्यातून हवं काय ते थोडं थोडं उमगत जातं.

लग्नाचा बस्ता आठवा. राम मारुती रोडच्या दुकानात पहिल्या वीस साड्या उघडल्या जातात त्या घ्यायला नव्हे. ‘एवढे मोठे काठ नकोत’, ‘हा रंग हिला मारतो’ एवढं कळायला. एकविसावी पसंत पडते ती त्या विसांमुळे. दुकानदार काही त्या वीस भंगारात देत नाही.

तुमच्या मुलानं जग्वार निवडली हे मला फार आवडलं, कारण नाकारलेल्या प्रस्तावांतून गाडी कशी घडते याची गोष्ट सांगायला जग्वारच्या एक्सजे गाड्यांइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. (मी स्वतः गाडी चालवत नाही, रिक्षानं फिरते. पण डिझाइनला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या वह्या इतकी वर्षं बघून बघून गाड्या कळायला लागल्या.)

जग्वारचे संस्थापक सर विल्यम लायन्स कागदावर फारसे चित्र काढणारे नव्हते. पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिरांकडून ते गाडीचं नुसतं बाहेरचं अंग खऱ्या मापात उभं करून घ्यायचे, आपल्या घरी, वॅपनबरी हॉलच्या आवारात नेऊन नैसर्गिक उजेडात ठेवायचे, आणि लांबून, जवळून, वाकून बघायचे. ही रेघ बोटभर वर घ्या, तो खांदा खाली आणा. ठोकाठोक, पुन्हा बघणं. तुमचं आणि त्यांचं जमलं असतं. १९६८ ची एक्सजे६ अशी नजरेनं घडली, आणि १९७२ मध्ये लायन्स निवृत्त झाले. ‘नको’ म्हणणारा एक पक्का डोळा गेला आणि त्याच्या जागी बैठका आल्या.

त्याच सुमारास एक्सजे६ च्या जागी यायच्या गाडीचं काम सुरू झालं. तिचं कंपनीतलं नाव एक्सजे४०. जग्वार तेव्हा ब्रिटिश लेलँड या मोठ्या वाहनसमूहाच्या पंखाखाली होती. घरच्या स्टुडिओनं मॉडेलं केली. शिवाय गाड्यांचं डिझाइन करणाऱ्या इटलीतल्या तीन मातब्बरांकडून प्रस्ताव मागवले : पिनिनफरिना, बर्टोने आणि जुजारो यांची इटालडिझाइन. त्या दशकात इटलीत सरळ रेघांचा जमाना होता. पाचरीसारखे आकार, सपाट अंग, घडी घातलेल्या कागदासारख्या कडा. प्रस्ताव देखणे होते, पण त्यात जग्वार नव्हती. नाकारले.

इथे मुलाला थांबवून विचारा : जुजारोंसारख्या माणसाचं काम परत पाठवलं, म्हणजे त्यांना गाडी काढता येत नव्हती का? त्यांना मिळालेल्या नकारातून झालं काय, तर जग्वारच्या लोकांना आपल्या गाडीत काय सोडायचं नाही हे पक्कं कळलं. तो लांब, खाली दबलेला बॉनेट, मागे निमुळतं होत जाणारं अंग, दबा धरून बसलेल्या जनावरासारखी बैठक. हे सगळं जुन्या गाडीत होतंच, पण परक्यानं काढलेल्या गाडीत ते नाही हे दिसेपर्यंत कोणी बोटानं दाखवलेलं नव्हतं.

आणि गंमत बघा. ज्या पिनिनफरिनाची नवी गाडी चालली नाही, त्यांच्याकडूनच जग्वारनं जुन्या एक्सजेचं छत नव्यानं काढून घेतलं. छत जरा उंच, मागची बाजू जरा ताठ, काचा मोठ्या. ती सुधारलेली गाडी १९७९ मध्ये आली आणि अनेक वर्षं चालली. एका कामाला नको म्हटलेला हात दुसऱ्या कामाला हवासा झाला.

एक्सजे४० मात्र रखडली. १९७३ चं तेलसंकट, मग लेलँडचं दिवाळं आणि १९७५ मधलं सरकारीकरण, पैशाची ओढाताण. मॉडेलं होत राहिली, बदलत राहिली. गाडी बाजारात आली ऑक्टोबर १९८६ मध्ये, म्हणजे काम सुरू झाल्यावर चौदा वर्षांनी. लायन्स ती रस्त्यावर बघायला राहिले नाहीत, १९८५ च्या फेब्रुवारीत गेले.

यातला एक किस्सा खास तुमच्यासाठी. लेलँडनं आपल्याच घरचं रोव्हरचं व्ही-८, म्हणजे व्ही आकारात सिलिंडर मांडलेलं रुंद इंजिन जग्वारच्या गळ्यात मारू नये म्हणून जग्वारच्या इंजिनियरांनी एक्सजे४० मध्ये इंजिनाची जागा मुद्दाम अरुंद ठेवली, असं सांगतात. त्या चातुर्याची किंमत अशी, की जग्वारचं स्वतःचं व्ही-१२ त्या गाडीत बसायला १९९३ उजाडलं. तोवर व्ही-१२ हवं असणाऱ्याला जुन्याच अंगाची गाडी घ्यावी लागत होती.

बरं, मंजूर झालं म्हणजे सुटलं असंही नाही. एक्सजे४० च्या साध्या गाडीला चार गोल दिवे होते आणि महागड्या गाडीला चौकोनी. माझ्या नजरेला त्या चौकोनी दिव्यांत नाकारलेल्या इटालियन गाड्यांचं भूत दिसतं. दारातून घालवलं ते खिडकीतून आत आलं. १९९४ मध्ये पुढची गाडी आली तिला सरसकट चार गोल दिवे. चौकोनी दिवे मंजूर होऊन, विकले जाऊन, आठ वर्षांनी नापास झाले. आणि २००९ मध्ये, जग्वार टाटांकडे आल्यावर वर्षभरानं, जग्वारचे तेव्हाचे डिझाइनप्रमुख इयान कॅलम यांच्या चमूची एक्सजे आली तेव्हा ते चार गोल दिवेही गेले. जिंकलेला पुढच्या फेरीत हरला.

प्रत्येक नकारात शहाणपण असतं असं मात्र मी म्हणणार नाही. नवी एक्सजे विजेवर चालणारी येणार होती. काम बरंच पुढे गेलं होतं. २०२१ च्या फेब्रुवारीत कंपनीनं धोरण बदललं आणि ती गाडी बाजारात आणायचीच नाही असं ठरलं. त्यात रेघ चुकली, खांदा चुकला असं काही नव्हतं. हिशोब बदलला. ज्यांनी त्या गाडीवर आयुष्यातली काही वर्षं घातली, त्यांना यातून काय शिकायला मिळालं हे मला सांगता येणार नाही. हेही या धंद्यात आहे आणि ते मुलाला आधीच माहीत असलेलं बरं.

आता स्टुडिओच्या आत चला, कारण तिथे तुम्हाला ओळखीचं बरंच सापडेल. स्केचं ढिगानं होतात. त्यातली मोजकी निवडली जातात, संगणकावर चढतात, मग लहान मापाचं मॉडेल आणि शेवटी पूर्ण मापाची क्लेची गाडी. ही क्ले आपली शाडू नव्हे. तिच्यात मेण आणि तेल असतं, ओव्हनमध्ये गरम करून मऊ करतात, थापतात, गार झाली की तासतात. वाळून भेगा पडत नाहीत, म्हणून महिनोन् महिने त्याच गाडीवर भर घालता येते, खरवडता येते. जनरल मोटर्सनं १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली डिझाइनचा वेगळा विभाग काढला, तेव्हापासून हे तंत्र गाड्यांच्या धंद्यात रुजलं आणि संगणक येऊनही गेलेलं नाही. आतून फोम आणि सांगाडा, वरून क्ले, आणि ते सगळं उभं असतं कशावर? सरफेस प्लेटवर, म्हणजे मापं घ्यायच्या अगदी सपाट पाटावर. बाजूला मोजणीचे हात. तुमच्या टूलरूममधली प्लेट खोलीएवढी मोठी झाली आहे असं समजा.

कित्येकदा एकाच मॉडेलच्या डाव्या अंगाला एक प्रस्ताव असतो आणि उजव्या अंगाला दुसरा. वर चंदेरी फिल्म ताणून चढवतात, म्हणजे रंगवलेल्या पत्र्यासारखा उजेड तिच्यावर पडतो. मग साहेब लोक एका बाजूनं दुसऱ्या बाजूला चकरा मारतात. अर्धी गाडी जिंकते, अर्धी तासली जाते.

आणि नको म्हणायची कारणं? ‘आवडली नाही’ हे कारण क्वचित. आलिशान गाडीत मालक मागे बसतो. मागे उतरत गेलेलं छत चित्रात झकास दिसतं, पण मालकाचं डोकं टेकतं. बॉनेट फार खाली घेतला तर रस्त्यावरच्या माणसाचं डोकं आपटलं तर खालच्या कठीण इंजिनाआधी मोकळी जागा उरत नाही, आणि आता तसे नियम आहेत. दाराच्या खालच्या बाजूला चाकूसारखी घडी काढली, तर प्रेस शॉपमधून निरोप येतो की इथे पत्रा फाटेल किंवा सुरकुती येईल, रेडियस वाढवा, म्हणजे घडी जरा गोल करा. हा निरोप सव्वीस वर्षं कोण देतंय? मुलाच्या घरात एक परीक्षक जेवायला बसतो आणि तो मला विचारतोय की पोराला या धंद्यात घालू का.

तुमच्या मूळ प्रश्नावर येते. तीनपैकी तीन नापास, याची मला काळजी नाही. कारण न सांगता एका ओळीत नकार कळवणाऱ्या स्पर्धेबद्दल माझं मत चांगलं नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला चार शब्द लिहायला काय जात होतं? पण मला दुसरंच काहीतरी बघायचं आहे. कपाटावरचे कागद खाली काढा आणि तिन्ही फेऱ्यांची चित्रं शेजारी शेजारी ठेवा. तिसरं चित्र पहिल्यापेक्षा वेगळं आहे का? त्यानं छत हलवलं, चाकं मोठी केली, मागचा भाग मुळापासून पुन्हा विचारात घेतला, की तीच समोरून तिरकी गाडी, तोच कोन, फक्त शेडिंग जास्त गडद? पहिलं असेल तर हा मुलगा या कामासाठी आहे. दुसरं असेल तर त्याला गाड्या आवडतात, जे आपल्यापैकी लाखोंना आवडतं, आणि त्याला अजून थोडा वेळ द्यावा लागेल. कागद फाडण्याला मी किंमत देत नाही. त्या वयात मुलं फाडतात. फाडल्यावर किती दिवसांनी पुन्हा पेन्सिल हातात घेतली, तेवढं मला कळवा.

मेकॅनिकल की डिझाइन, असं ‘की’ घालून विचारायची गरज नाही. रामकृपा अनंतन यांनी बिट्स पिलानीतून मेकॅनिकल केलं, मग आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातून डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं, आणि महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० पासून २०२० च्या थारपर्यंतच्या गाड्यांचं डिझाइन त्यांच्या नेतृत्वाखाली झालं. प्रताप बोस दुसऱ्या वाटेनं आले. अहमदाबादची एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, मग लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, मग टाटा मोटर्सच्या डिझाइनचं प्रमुखपद आणि २०२१ पासून महिंद्रा. दोन्ही वाटा चालतात.

बारावीनंतर लगेच डिझाइनला जायचं तर यूसीड ही परीक्षा. आयआयटी मुंबईच घेते, कोणत्याही शाखेचा मुलगा देऊ शकतो, जानेवारीत असते, फॉर्म दिवाळीच्या आसपास. लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते, हे ध्यानात ठेवा. पवई तुमच्या घरापासून बसनं गाठता येते. एकदा आयडीसीच्या विद्यार्थ्यांचं काम मांडलेलं असेल तेव्हा त्याला घेऊन जा. एनआयडीची प्रवेशपरीक्षा, डॅट, वेगळी. पुण्याजवळ लोणी काळभोरला एमआयटीच्या डिझाइन संस्थेत बी.डेस.लाच, म्हणजे डिझाइनच्या पदवीलाच, ट्रान्सपोर्टेशन डिझाइन आहे. खासगी आहे, त्यामुळे फी आधी विचारा, मग स्वप्नं बघा. मेकॅनिकल करून यायचं तर पदवीनंतर सीड ही परीक्षा देऊन आयडीसीचं मोबिलिटी अँड व्हेइकल डिझाइन, किंवा डॅट देऊन एनआयडीच्या गांधीनगर कॅम्पसचं ट्रान्सपोर्टेशन अँड ऑटोमोबाइल डिझाइन. सायन्सला आहे, गणित जमतं, तर दोन्ही दारं उघडी ठेवा. बारावीच्या मार्कांकडे दुर्लक्ष नको, हे मी त्याच्या आईच्या वतीनं लिहितेय असं समजा.

आणखी एक जागा आहे जिच्याबद्दल पालकांना कोणी सांगत नाही. मंजूर झालेली क्ले स्कॅन होते आणि तिच्यावरून संगणकावर एकेक पृष्ठभाग इतका स्वच्छ बांधतात की दारावरून जाणारं दिव्याचं प्रतिबिंब कुठेही अडखळू नये. याला क्लास-ए सरफेसिंग म्हणतात. हाच डेटा पुढे डाय, म्हणजे पत्रा दाबायचा साचा, बनवणाऱ्याकडे जातो, म्हणजे तुमच्या दारात. स्केच काढणारे हात पुष्कळ, नोकऱ्या कमी. सरफेसिंगचं उलट आहे. मुलाच्या बोटांत चित्र आणि घरात प्रेस टूल असेल, तर या कामात तो इतरांच्या पुढे असेल.

टाटांचं विचारलंत. टाटा मोटर्सनं २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर घेतली, पण जग्वार आजही इंग्लंडमध्ये, गेडनच्या स्टुडिओत काढली जाते. मालक मुंबईचा म्हणून ठाण्याच्या मुलाला तिथे खुर्ची मिळत नाही. सुरुवात इथेच होईल : पुण्यात टाटा, कांदिवलीत महिंद्रा, आकुर्डीला बजाज. आणि दुचाकीला नाकं मुरडू नका, तिथे डिझायनरचा हात जास्त दिसतो, कारण इंजिन झाकलेलं नसतं. माझ्याकडे आलेला एक मुलगा आता पुण्यात एका स्टुडिओत आहे. पहिल्या तीन वर्षांत त्याचं रस्त्यावर आलेलं काम म्हणजे धुक्याच्या दिव्याभोवतीची एक चौकट. दिवाळीत घरी आला तेव्हा आईवडिलांना तीन हात नाक्याच्या सिग्नलला उभं करून त्यानं ती दाखवली. वडिलांना आधी दिसेचना.

तर आता काम. महिनाभर मुलाला नवी गाडी काढू देऊ नका. तीच जग्वार, चाकांमधलं अंतर ठरलेलं, फक्त बाजूनं दिसणारी, वीस वेळा. तिरका कोन नाही, शेडिंग नाही, मागे सूर्यास्त नाही. विसातल्या सतरा त्यानं स्वतः नापास करायच्या आणि प्रत्येकीच्या मागे तारीख टाकून कारण लिहायचं. ‘बरी वाटत नाही’ हे कारण चालणार नाही. उरलेल्या तीन तुमच्यासमोर. तुम्ही फक्त पत्र्याचं बोलायचं, कुठे फाटेल, कुठे सुरकुती येईल. सुंदर आहे का, यावर मत द्यायचं नाही, कितीही जिभेवर आलं तरी. संध्याकाळी दिवे लागल्यावर त्याला सर्व्हिस रोडला घेऊन जा आणि उभ्या गाड्यांच्या दारावरून दिवे कसे सरकतात ते चालत चालत बघायला सांगा. गणपतीच्या कारखान्यात ओळख असेल तर आषाढात चार रविवार शाडूत हात घालू दे. सोंडेचा बाक अंगठ्यानं काढताना जे कळतं ते पडद्यावर कळत नाही.

पोर्टफोलिओ बघणारे प्राध्यापक शेवटच्या चकचकीत चित्रावर फार वेळ थांबत नाहीत. ते पानं उलटत मागे जातात, त्या चित्राआधी काय काय सोडून दिलं ते शोधतात. म्हणून मला भेटायला याल तेव्हा कपाटावरचे फाटलेले कागद सगळे घेऊन या. नौपाड्यात मी शनिवारी दुपारी असते. चिकटवणार असाल तर चिकटपट्टी पुढून लावा. मागची बाजू कोरी हवी, कारणं लिहायला.